सवतीचा आरसा

४ ऑक्टोबर

पोहोचले एकदाची! दोरावरच्या ट्रॉलीत डोळे घट्ट मिटून बसले होते, पण वर येऊन शिखर पाहिलं आणि सगळी भीती पळाली. चौकी लहान पण नीटनेटकी आहे. एक खोली, एक शेगडी, हवामानाची उपकरणं आणि शिखराकडे उघडणारी मोठी खिडकी.

नकाशात या शिखराला कुण्या मोजणीदाराचं आडनाव दिलंय. खालच्या गावात मात्र सगळे त्याला 'सवत' म्हणतात. नाव बायकांनी ठेवलं, कारण तिचा नाद लागलेला नवरा पुन्हा घरचा राहत नाही. मला हसू आलं. माझीही सवत हीच. सात वर्षांपूर्वी हे चढायला गेले, ते अजून आलेले नाहीत. म्हणूनच वन्संनी, यांच्या बहिणीनं, इथली नोकरी घेऊ नको म्हणून आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, सवतीशी एकदा समोरासमोर बोलून तरी घेते.

६ ऑक्टोबर

जुने चौकीदार आज खाली गेले. गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून सुटका मागितली म्हणे. जाताना आरशाचं काम शिकवलं. वरच्या खिंडीत रेडिओ चालत नाही. म्हणून खिडकीतून आरशानं उन्हाचा कवडसा पाडायचा. एकदा चमकवलं की 'दिसलात', मग वरचा माणूस हात वर करतो. दोनदा म्हणजे 'माझ्याकडे या'. मग त्यानं नाकासमोर उजेडाकडे चालायचं. खिंडीपासून चौकीपर्यंतची सरळ रेषा तेवढी पक्क्या खडकावरून जाते. उतरताना डाव्या हाताला बर्फाचा सज्जा आहे. जमीन वाटते, पण खाली नुसती हवा. शिखर पहिल्यांदा सर करणारे दोघे होते. उतरताना धुक्यात एकजण त्या सज्ज्यावर गेला. तेव्हापासून ही रीत.

आणखी एक बजावलं. ज्याला आपल्या हातानं चहा पाजून वर पाठवलं, त्यालाच उजेड दाखवायचा. आता हंगाम संपलाय, वर कुणी नाही, तेव्हा आरसा फडक्यात गुंडाळून ठेवायचा. आणि तरी कुणी दिसलं तर? मी विचारलं. ते बुटाची नाडी बांधत बसले.

११ ऑक्टोबर

रोजची नोंद घेतली की दिवस खायला उठतो. आज रेडिओवर वन्सं होत्या. आमच्या घरातली वरची खोली रिकामीच आहे, मुकाट्यानं ये, असं दटावलं. ट्रॉलीची शेवटची फेरी महिनाअखेरीस, तेव्हा त्या स्वतः न्यायला येणार. बघू म्हटलं. खरं तर जावंसं वाटतं. बोलणं संपल्यावरही मी थोडा वेळ रेडिओला 'हो ना' म्हणत बसले होते.

१७ ऑक्टोबर

खिंडीत कुणीतरी उभं आहे.

दुर्बिणीतून तीनदा बघितलं. खालच्या ट्रॉलीवाल्याला रेडिओवर विचारलं. तो म्हणाला वर कुणीही गेलेलं नाही, थंडी बाधली असेल, डोक्याला मफलर बांधा. त्याचं खरं असेल. पण खडक बाजू बदलून उभा राहत नाही.

१८ ऑक्टोबर

माणूसच आहे. एकटाच. दिवसभर इकडेच बघतो.

मला राहवलं नाही. आरसा काढला, एकदाच चमकवला. त्यानं हात वर केला. कोपरात वाकलेला. यांचा हात लहानपणी मोडला होता, तो कधी सरळ झालाच नाही.

मी खूप रडले. आनंदानं की भीतीनं, मलाही सांगता येणार नाही.

१९ ऑक्टोबर

दोनदा चमकवलं. या, म्हटलं, या हो माझ्याकडे.

सरळ चालत निम्म्यापर्यंत आले. तिथे थांबले. चेहरा दुर्बिणीतही दिसेना, जिथे असायला हवा तिथे पांढरंच. मग पाठ फिरवली. थोड्या वेळानं खिंडीतून चमक आली. एकदाच.

दिसलीस.

माझा हात वर गेला होता. मी उचलला नव्हता.

२२ ऑक्टोबर

आता दोनदा चमकतंय. रोज सकाळी. खिडकीला घोंगडी टांगली तरी कवडसा भिंतीवर पडतो —

वन्संना सांगितलं. त्यांनी चौकीदारांना रेडिओवर बोलावलं. म्हातारा ओरडलाच, बाई, दाराला कडी लावा, बघू नका, आम्ही उद्याच येतो. वन्सं मागे रडत होत्या. त्यांचं रडणं ऐकून बरं वाटलं. कुणालातरी मी हवी आहे.

कडी लावली.

२३ ऑक्टोबर

खिंडीत आहे. केव्हा निघाले आठवत नाही. वही कोटाच्या खिशात होती. बोटं वळत नाहीत. इथे कुणीच नाही. पावलंसुद्धा फक्त माझी.

पातळ धुकं येतंय.

खाली समोर चौकी. खिडकीतून चमक — दोनदा. पुन्हा दोनदा. वन्सं आल्या. नाकासमोर चालायचं, बस. तेवढंच.

निघते —

डावीकडेही चमकलं.

दोनदा. मला माहीत आहे तिथे काय आहे. मला नीट माहीत आहे.

तिथे एकच आरसा नाही. आणखी एक. आणखी — किती जण आहेत, सगळे हात वर करून — एक हात वाकडा —

वन्सं, रागावू नका. तुमचा उजेड दिसतोय. पण इकडे एवढी माणसं, आणि सगळी माझीच वाट —

बर्फ किती मऊ आहे इथे, जमीनच वाट