पुनम सिडकोला उतरते

बुधवार, ४ जून

पुनम म्हणते, नांदेडला एकटीच जाणार! मुखेडहून बसने, बोलत्या कॉम्प्युटरच्या क्लासला. जन्मापासून दिसत नाही पोरीला. आजवर मीच हात धरून फिरवली. म्हटलं, मी येते सोबत. तर म्हणाली, "तू तरी कुठं एकटी गेलीस कधी? तुला सोबत आप्पा लागतेत. मग तिघं बसू का क्लासात?"

खरंच आहे. मला माहेरीसुद्धा ह्यांनीच पोहोचवायला लागतं.

सोमवार, ९ जून

गेली! पांढरी काठी टेकत, ताठ मानेनं. मी आधीच स्टँडवर जाऊन कंडक्टर व्यंकटीला सांगून आले — मधे कुठं उतरू देऊ नका. शेजारच्या सीटवरच्या बाईलाही सांगितलं. फळवाल्यालासुद्धा! काय करू, राहवेना.

मंगळवार, १० जून

काल घोळ झाला. क्लास नांदेड स्टँडच्या अलीकडं, सिडको वस्तीच्या थांब्यापाशी. पुनम उतरायला उठली, तर अख्ख्या गाडीनं धरून खाली बसवली! आईनं सांगितलंय म्हणे. थेट नांदेडच्या स्टँडवर नेऊन बाकावर बसवली, हातात चहा दिला. क्लास बुडाला.

घरी आली. काठी माझ्यापुढं धरली. "माझ्यावर भरवसाच न्हाई, तर ही ठेवून घे."

लई लागलं मनाला.

गुरुवार, १२ जून

आज काठी तिच्या हाती परत दिली, आणि माझ्या तोंडाला कुलूप. स्टँडवर गेलेच नाही. वरणात मीठ दोनदा पडलं. मग फोन — "उतरले. क्लासात हाय." ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले, आणि हसलेही!

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुनमला सिडकोतच नोकरी लागून महिना झाला. एका दवाखान्यात फोन घेते. मैत्रिणीबरोबर खोली केलीय. आज म्हणाली, "रविवारी ये. भाकरी मी करणार हाय. आप्पाला आणू नको, एकटी ये."

हे म्हणाले, स्टँडपर्यंत सोडून येतो. म्हटलं, राहू द्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. एकटी!

तिकिटाला व्यंकटीच आला. वाटलं, आता म्हणणार, पुनमनं तुमच्याकडं लक्ष ठेवायला सांगितलंय. त्यानं नुसतं विचारलं, कुठं जायचंय. मीच विचारलं, पुनमचा फोन आला होता का?

"न्हाई की, काकू."

कुणालाच सांगितलं नाही पोरीनं!

"सिडको," मी म्हटलं.