धुऊन पुसून आलेला डबा

जळकोट, ८ जानेवारी २००२

शकिलानं माझा डबा रिकामा परत केला. आठ वर्षांत या घरचं भांडं त्या घरून कधी रिकामं आलं न्हाई. काही नसलं तर गुळाचा खडा तरी असायचा. काल धुऊन, पुसून, झाकण लावून ओट्यावर ठेवला. बस म्हटलं तर बसली न्हाई.

चि. साक्षीस आजीचा आशीर्वाद. पत्रास कारण तेच.

नाजियाला तिच्या अब्बानं क्लासमधून काढून मुदखेडला मामाकडं नेऊन ठेवलं. दहा दिवस तापानं पडली, अभ्यास बुडाला, शेवटच्या बाकावर गेली, लेकीबद्दल एवढंच शकिला बोलली. लातूरला तुम्ही दोघी एका खोलीत. एक दिवस माझा डबा, एक दिवस तिचा. एसटीनं येतो अन् दोघी मिळून खाता. मग तुझी वही कुठं होती? भूकंपानंतर सगळी गल्ली भीतीनं मैदानात झोपायची, तेव्हा नऊ वर्षांची तू आपली गोधडी तिच्या अंगावर ओढून द्यायचीस अन् सोता कुडकुडायचीस.

संक्रांत आली म्हणून गोड लिहू नको. खरं लिही.

गुणाबाई

लातूर, १४ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तीळगूळ मिळाला.

वही हरवली, असं मी नाजियाला सांगितलं. ती माझ्या गादीखाली होती. इथं दर रविवारी परीक्षा होते आणि मार्कांप्रमाणे बाक मिळतो. पहिल्या बाकावर आम्ही पाच जणी. कुणी वही दिली की बाकीच्या तिला धर्मशाळा म्हणतात, जेवायला सोबत घेत नाहीत. मैदानात सगळेच देत होते, म्हणून मीही दिलं. इथं कुणीच देत नाही.

क्लासात एक डॉक्टरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, या वयात मेंदूचा विचार करणारा भाग अजून पिकायचा असतो. बरोबरीची पोरं काय म्हणतील, त्याचंच वजन जास्त पडतं. सोबतचे देतात तिथं पोरं देतात, सोबतचे धरून ठेवतात तिथं धरून ठेवतात. मला वाटलं, त्या माझंच सांगताहेत.

आणि आजी, बसस्टँडवर तू कानात सांगितलेलं मी विसरले नाही.

लोभ असू दे.

साक्षी

जळकोट, १९ जानेवारी

चि. साक्षीस आशीर्वाद.

मला अक्षरं लावायला वेळ लागतो, म्हणून तुझं पत्र हळूहळू बोचलं.

बाईंचं खरं असेल. मेंदू कच्चा असेल. पण वही गादीखाली घालून दहा दिवस तिच्यावर झोपायला तो बरा पिकला होता. शेजारी ती पोर कण्हत होती. अन् तू एकीनं वही दिली असतीस, तर त्या चौघींनाही देणारी एक दिसली असती.

आता कानातलं. व्हय, मीच म्हणाले. शकिला सोताच्या हातानं तुझी ट्रंक एसटीत चढवून राहिली होती, अन् मी तुझ्या कानाशी लागले, "आधी आपला नंबर, मग मैत्रीण." माझं वय पासष्ट. मला कच्च्या मेंदूची सबब न्हाई.

काल शकिलाला हे सांगून आले. तिनं सगळं ऐकलं. चहा केला न्हाई. डबा भरून नेला होता, तो घेतला न्हाई. आता रोज माझाच डबा येईल. एकटीनं खा.

नाजियाचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत हाय. वही तिला पाठव, अन् ती कुठं होती हे तुझ्या अक्षरात लिही. बाईंचं काही लिहू नको.

लोभ हाय तेवढा हाय, वाढवायला सध्या सांगू नको.

गुणाबाई

ता. क. मला उत्तर टाकू नको, शकिलाकडं मागू नको. उत्तर नाजियानं द्यायचं. न्हाई आलं, तर तेच तिचं उत्तर.