रविवारची गोळी आणि आबांचा मान

चिखली

प्रिय ज्ञानेश यास अनेक आशीर्वाद. निघोज्यात सगळे धडधाकट असाल, दिवसपाळी मिळाली असेल, असं धरून चालतो. पत्र तिकडेच निघालेल्या शेजारच्या सोपानरावांच्या हाती पाठवतोय. (फोनवर बोललेलं तुझ्या ताईला तिसऱ्या खोलीतही ऐकू येतं.)

तुझ्या ताईचं, कुसुमचं, मनगट मोडलं ते तुला ठाऊक आहेच. ओट्यावर नुसता हात टेकला आणि गेलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा धक्क्याने हाड मोडलं म्हणजे दोष हाडात आहे. मग घनता मोजायचं मशीन झालं; ती टेबलावर पडली आणि वरून एक दांडा फिरला, बस्स. आकडा उणे तीन. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ म्हणायची. मी आयुष्यभर फाउंड्रीत ओतीव लोखंडाची कास्टिंग तपासली, त्यामुळे लगेच कळलं: बाहेरून चकाचक, आतून भोकं. मी सवयीने विचारलं, "रिजेक्ट का?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तिला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं आणि रविवारी एक गोळी लिहून दिली. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वाकायचंही नाही, ही अट मी माझ्या अधिकारात वाढवली.

आणि नेमके त्याच अर्ध्या तासात आमचे चुलते चिमाजी आबा जमिनीच्या वाटणीचं बोलायला आले! कुसुमने ताठ उभ्याने हात जोडले. आबा लालबुंद. "वाटनी झाली न्हाई तवर ही तऱ्हा? आमी जातो!" चहासुद्धा न घेता गेले. दुपारपर्यंत अख्ख्या भावकीत बातमी, की रंगरावची बायको कोर्टात चालली. तीन पिढ्यांचं सणासुदीचं एकत्र जेवण माझ्या एका अटीपायी मोडणार, म्हणून मला घास जाईना.

तुझी ताई मात्र दुसऱ्या दिवशी गळ्यात हात अडकवून एकटी त्यांच्याकडे गेली. पाया पडली आणि म्हणाली, "आबा, नमस्कार राहिला होता. पण तुमचा सदरा पुढून गुडघ्याला लागतोय. कणा वाकलाय तुमचा. मशीनला दाखवू."

"ह्यो बायकांचा रोग हाय!"

"मग भ्यायचं कशाला?"

आबांचा आकडा तिच्यापेक्षा खाली निघाला. आता दर रविवारी दोघं आमच्या पडवीत ताठ बसून गोळी घेतात आणि वाटणीचं तिथेच बोलतात. ज्ञानेश, खरं सांगतो, हात गळ्यात अडकवून माणसं जोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो.

तुझा,
रंगराव

ता.क. मंगळवारी तिने माझाही नंबर लावलाय. म्हणते, मी बुटका झालोय! मला त्या टेबलाची धडकी भरलीय रे. तुझी म्हैस आजारी आहे असं सांगून मला तिकडे बोलावून घे. हात जोडतो.

ता.ता.क. ज्ञानेश, सोपानरावांनी पत्र आधी मला दाखवलं. म्हैस तू केव्हाच विकलीस, हे ह्यांच्या गावीही नाही. मंगळवारी गाडी घेऊन तूच ये. टेबलाशेजारी मी उभी राहणार आहे, पण ते आत्ताच सांगू नकोस, जास्त घाबरतील. — ताई