दहा ओळींचा नियम

स्लाऊ, १८ फेब्रुवारी १९९६

ती. मधूताईस,

वैजयंतीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, आणि ग्लासगोच्या थंडीत अजून त्याच पातळ शालीवर भागवतेस का, हे आधी कळव. आम्ही तिघं ठीक आहोत. महिनाभर आमचा फोन एंगेज लागतो म्हणून तू रागावली असशील. तो दोष मीनलचा. सोळाव्या वर्षी मैत्रिणींशी फार बोलायचं असतं. (आणि फोनच्याच तारेवरून आमचा कॉम्प्युटरही चालतो, हे तुला ठाऊक नसेल.)

तर त्या कॉम्प्युटरविषयी. जयंतने गेल्या वर्षी मला ‘ओसरी’चं सभासद करून दिलं. ओसरी म्हणजे परदेशातल्या एकशेचाळीस मराठी माणसांची ई-मेलची यादी. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांच्या घरी पोचतं आणि मग सगळे त्याला उत्तर देतात. ऐकायला बरं वाटतं. दिवाळीत लीड्सच्या एका बाईंनी विचारलं, इथल्या पिठाच्या चकल्या तेलात का विरघळतात. दोन दिवस पिठात घालायच्या मोहनाचं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीचा नंदू म्हणाला, चकली ती आईच्या हातचीच. चौथ्या दिवशी त्याला कुणी तरी विचारलं, आईची एवढी आठवण येते तर तिला सोडून आलास कशाला. आणि आठवडा संपेपर्यंत देश सोडणाऱ्यांना देशाविषयी बोलायचा हक्क आहे का, यावर एकमेकांच्या पदव्या काढणं चाललं होतं. त्या बाईंच्या चकल्यांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

मग आपल्या लोकांना जे सुचतं तेच सुचलं, समिती. ‘चर्चेचा दर्जा सुधार समिती’. अध्यक्ष बर्मिंगहॅमचे हरीश आणि कार्यवाह मी, कारण इथल्या मंडळाच्या गणपतीचं इतिवृत्त मी बारा वर्षं लिहितेय. मीनल तिच्या इथल्या मराठीत म्हणाली, “आई, तुझा कमिटी भांडण थांबवणार की भांडणाचे मिनिट्स लिहिणार?” आम्ही नियम केले. त्यातला, पत्र दहा ओळींचंच असावं, हा माझा. तो भांडणाऱ्यांसाठी नव्हता, ताई (भांडणारे दोन ओळींतही भांडतात). तो डॉक्टर पद्माकरांसाठी होता.

हे तुमच्याच ग्लासगोचे, रिटायर्ड जीपी. विषय कुठलाही असो, ऐंशी ओळी. चकलीवर लिहायला बसले ते सदुसष्ट सालच्या भाड्याच्या खोलीत शिरले. तिथे त्यांच्या गिरिजाबाईंनी आमटीला हिंगाची फोडणी दिली, गॅस गळतोय म्हणून घरमालकिणीनं गॅसवाल्याला बोलावलं, आणि तो शेवटी आमटीभात जेवून गेला. चकली राहूनच गेली. जयंत हाक मारायचा, “डॉक्टरांचं आलंय गं, चहा ठेव.” आम्ही हसायचो. पण वाचायचो मात्र शेवटपर्यंत, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी त्यांना वेगळं पत्र लिहिलं, “आपली पत्रे वाचनीय असली तरी विषयाला धरून नसतात.” वाक्य मला फार आवडलं होतं. जयंतला वाचून दाखवलं. “कोर्टात चालेल,” तो म्हणाला. डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं. “ताई, चुकलो. दवाखान्यातही माझा एकेक पेशंट लांबायचा आणि बाहेरचे खोळंबायचे.”

पुढच्या आठवड्यात विषय निघाला, कायमचं परत जायचं का. डॉक्टरांनी लिहिलं. चौऱ्याहत्तर साली त्यांची तिकिटं काढून झाली होती, ट्रंका भरल्या होत्या, कुंड्यासुद्धा शेजारी देऊन टाकल्या होत्या. शेवटी होतं, “त्या संध्याकाळी गिरिजा खिडकीशी उभी होती, वळून मला म्हणाली”. तिथे पत्र संपलं. मी ओळी मोजल्या. दहा.

आधी मला हसू आलं. मग हरीशना फोन केला तेव्हा कळलं, गिरिजाबाई जाऊन दोन वर्षं झाली. डॉक्टर ओसरीवर आले ते त्यानंतर. दोघं परत गेले नाहीत एवढं तर दिसतंच आहे. का गेले नाहीत ते अकराव्या ओळीत होतं. नंदूनं (ज्यानं आजवर कुणाला बरं म्हटलेलं नाही) एकच ओळ टाकली, “डॉक्टर, पुढे काय म्हणाल्या?” पाच आठवडे झाले, उत्तर नाही.

ओसरीवर आता कोणी भांडत नाही. गेल्या आठवड्यात तीन पत्रं आली. हिंग कुठे मिळतो, साउथॉलला मिळतो, आभारी आहे. समितीनं स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. इतिवृत्तात तो मीच लिहिला, छान अक्षरात.

असो. गुडघ्याला शेक घेत जा, आणि जाड शाल काढ.

तुझी,
वैजू

ता. क. डॉक्टर तुझ्यापासून दोन स्टॉपवर, हिलहेडला राहतात. पत्ता मागे लिहिलाय. एकदा जाऊन ये ना. नियम रद्द झाला म्हणून सांग. (झालेला नाही, अध्यक्ष सुट्टीवर आहेत, पण तू सांग.) गिरिजाबाई काय म्हणाल्या ते विचारू नकोस. आपणहून सांगितलंच तर ऐकून घे, चहा थंड झाला तरी उठू नकोस.

आणखी एक. हे पत्र मोजलं. ऐंशीच्या वर ओळी झाल्या, आणि कामाचं तेवढं ताज्या कलमात.

आणि फोन करू नकोस, लागणार नाही. मीनलचं नाव मी उगाच घेतलं. लाईन मीच अडवून बसते, अकरावी ओळ येतेय का बघत.