पहिल्या पानावरचे चार कोपरे

॥ श्री ॥

ज्याच्या कृपेने डोळ्यांस पाहणे आणि मनास उमजणे लाभते, त्या जगन्नियंत्याचे स्मरण करून लिहितो.

मारेगाव
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, ११ डिसेंबर २०२४

चि. भैरवी हिस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. मोबाइलवरची अक्षरे माझ्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी चालतात, म्हणून तू माझ्यासाठी कागद-पेन घेऊन बसतेस. या कष्टाचे पुण्य तुझ्या पदरी पडो.

यवतमाळात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडून तुला दोन वर्षे झाली. पोर्टफोलिओ केलास, लोक वाहवा करतात, पण काम घेऊन कोणी येत नाही. आणि तुझ्या बालमैत्रिणीला, उमेराला, एक रविवार मोकळा नाही, असे तू लिहितेस. तिचा फोन वाजला की तुझा जीव जळतो, हेही लपवले नाहीस. बाळ, शास्त्रकारांनी येथे दोन रोग वेगळे सांगितले आहेत. दुसऱ्याच्या गुणात दोष शोधणे ही असूया, आणि दुसऱ्याचे भले न सोसणे हा मत्सर. तुला दुसरा जडला आहे, पहिला अद्याप नाही. तेव्हा वेळीच नामस्मरण वाढव.

काल बसस्थानकामागच्या लिंबाखाली आम्ही निवृत्त शिक्षक बसलो होतो. उमेराचे आजोबा जमीर गुरुजी मोबाइल फिरवीत आले. माझ्यासोबत एकाच शाळेत सव्वीस वर्षे शिकवलेले गृहस्थ. तेव्हाही मुले माझ्या तासाला फळ्याकडे बघत आणि त्यांच्या तासाला त्यांच्याकडे. नातीने काढलेली चित्रे सगळ्यांना दाखवून मला मुद्दाम म्हणाले की, पंडितजी, तुमच्या पोरीचं काय चालू हाय? मी हसलो. ते हसू मला फार जड गेले.

तुझे सर्वांत उत्तम चित्र कागदावर छापून पाठव. प्रकृतीस जप. तुझा लोभ आहेच, तो या म्हाताऱ्यावर असाच राहो.

तुझा
नीळकंठ आजोबा


यवतमाळ
२१ डिसेंबर २०२४

ती. आजोबांच्या चरणी भैरवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र वाचून नामस्मरण वाढवले. पण माळ ओढताना शेजारच्या खोलीत उमेराचा फोन वाजला आणि मी मणी मोजायचे विसरले. आम्ही दोघींनी दुकान एकाच जिन्यावर घेतले, ही चूक कोणाची ते देवच जाणे.

इंटरनेटवर माझ्या पोर्टफोलिओच्या पानावर चाळीस फोटो आहेत. सगळे चेहरे. नवरानवरी तळ्याकाठी, नवरानवरी रंगीत धुरात. लोक मोबाइलवर लाल बदाम पाठवतात, फोन करत नाहीत. उमेराच्या पानावर एकही चेहरा नाही, आजोबा! मेंदीचे हात, दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग, बांगड्यांचा उघडा डबा, इतकेच. कारण ती बायकांच्या बाजूचे फोटो काढते. तिकडे पुरुषाचा कॅमेरा जात नाही आणि तिथला चेहरा घराबाहेर पडत नाही. तिची एक रीत आहे. लग्न आटोपले की घर सोडण्याआधी कॅमेऱ्यातली कार्डे नवरीच्या आईच्या हातात ठेवायची. मायलेकी बसून बघतात आणि जे बाहेर गेले तरी चालेल तेवढेच परत देतात. आता हिंदू घरांतूनही तिला बोलावणी येऊन राहिली आहेत. मी विचारले की, दाखवायला काहीच नसताना लोक तुला बोलावतात काहून? तर हसून म्हणाली की, दाखवत नाही म्हनूनच.

मागच्या आठवड्यात तिने मला मदतीला राजूरला नेले होते, कहकशां नावाच्या मुलीच्या लग्नाला. निघताना मीही माझे कार्ड तिच्या आईच्या हातात दिले. घरी आल्यावर ध्यानात आले की माझा कॅमेरा प्रत्येक फोटो दोन कार्डांवर लिहितो. दुसरे कार्ड आतच राहिले होते. त्यात एक फोटो आहे. कहकशां आरशासमोर बसली आहे, ओढणी अजून खांद्यावर, मागून धाकट्या बहिणीने काहीतरी कानात सांगितले आणि ती तोंडावर हात न घेता हसली. आजोबा, दोन वर्षांत माझ्याकडून असा फोटो निघाला नव्हता.

छापून सोबत पाठवते. कोणाला दाखवू नका. फक्त सांगा, माझ्या हातात काही आहे की नाही.

आपल्या आशीर्वादाची आस धरणारी
भैरवी


मारेगाव
मार्गशीर्ष कृष्ण द्वादशी, २७ डिसेंबर २०२४

चि. भैरवी हिस अनेक आशीर्वाद.

चित्र पोथीच्या चौरंगावर उभे करून बसलो आहे. पूजेची वेळ टळली, तरी उठवेना. त्या मुलीच्या हसण्यात जे निरागसपण आहे ते ग्रंथांत वाचले होते, आज पाहिले.

तू विचारलेस, हातात काही आहे का. आहे, आणि ते झाकून ठेवणे हा देणाऱ्या शारदेचा अवमान होय. ज्याने कर्म केले, फळही त्याचेच. कार्ड तू चोरले नाहीस. ते राहून गेले. जे आपोआप राहिले तो प्रसाद समजावा. हे चित्र तुझ्या पोर्टफोलिओत अगदी पहिले लाव.

तुझी आज्ञा मी मोडली, हे सांगितले पाहिजे. लिंबाखालच्या बाकावर आमच्यातल्या बबनरावांना दाखवले. ते म्हणाले की, असं तर उमेराच्या पानावर एकबी नाही. जमीर गुरुजी त्या वेळी चहा सांगायला गेले होते, ही एवढी एक हळहळ राहिली. पण पहिल्या पानावर लागले की त्यांनाही दिसेलच.

उत्कर्ष पावत राहा, आणि आम्हांस तो पाहू दे.

नीळकंठ आजोबा


यवतमाळ
९ जानेवारी २०२५

ती. आजोबांस सा. नमस्कार. वि. वि.

एक तारखेला फोटो लावला. तीन तारखेपर्यंत चार घरांतून विचारणा आली. माझा फोन वाजत होता आणि मी मुद्दाम दार उघडे ठेवून बोलत होते, शेजारी ऐकू जावे म्हणून.

सहा तारखेला उमेरा जिना चढून सरळ माझ्याकडे आली. ओरडली नाही. म्हणाली की, मी भांडाले नाही आली, फक्त पाहाले आली की तुले झोप कशी लागून राह्यली. वणीला कहकशांच्या सासरी तिच्या दिराने तो फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून सासू तिच्याशी बोलत नाही. राजूरच्या घरी उमेराचा शब्द होता, की इथला चेहरा इथेच राहील. रमजानच्या आधीची दोन लग्ने तिच्याकडे होती, दोन्ही घरांनी दुसरी बाई पाहतो म्हणून कळवले. उमेरा म्हणाली की, चांगले फोटो काढनारे जिल्ह्यात पन्नास हायेत. माझ्याजवळ शब्द होता तेवढाच पोर्टफोलिओ होता, तो तू जाळला.

मी तिच्यासमोर फोटो काढून टाकला. तिने बघितलेही नाही. चारही घरांना मी नाही म्हणून कळवले.

आजोबा, तुम्ही लावायला सांगितले म्हणून मी लावला, असे सहा तारखेपर्यंत मनाला समजावत होते. ते खोटे आहे. तुम्ही हो म्हणाल हे मला ठाऊक होते, म्हणूनच तुम्हाला विचारले. आईला विचारले नाही, ती नको म्हणाली असती.

काय करू?

भैरवी


मारेगाव
पौष शुद्ध चतुर्दशी, १२ जानेवारी २०२५

मित्रवर्य जमीर गुरुजी यांस सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपण दोघे रोज एका बाकावर बसतो, तरी हे पत्राने लिहीत आहे. कारण समोर बसून मी पुन्हा हसेन आणि विषय बदलेन.

आपल्या नातीचे नुकसान माझ्या नातीच्या हातून झाले, परंतु माझ्या तोंडून झाले. तिला शंका होती. मी शास्त्राचा आधार देऊन ती शंका मारली. आयुष्यभर वाचलेले सारे त्या दिवशी माझ्या कामी आले, आणि तेच लज्जास्पद आहे. आपण मुलांना कविता म्हणून दाखवत असता शेजारच्या वर्गात मी आवाज चढवून व्याकरण शिकवत असे, हे आपणांस तेव्हाच कळले असेल. बाकावर आपला मोबाइल फिरला आणि तो जुना आवाज माझ्यात पुन्हा चढला. एका मुलीचे हसणे मी आपणांस हरवण्यासाठी वापरले. पोरीला मत्सर सोडण्याचा उपदेश करणाऱ्याला स्वतःचा मत्सर ओळखू आला नाही.

क्षमा मागण्याचा अधिकार आहे की नाही, ते आपण ठरवावे. मार्ग मात्र दाखवावा.

आपला अपराधी
नीळकंठ


मारेगाव
१६ जानेवारी २०२५

जनाब नीळकंठराव यांना जमीरचा आदाब.

खत मिळालं. चार गल्ल्यांवरच्या माणसाला पोस्टानं पत्र पाठवणारे तुम्हीच, पोस्टमनही हसला.

माफी माझ्याकडे मागू नका, ती माझ्याजवळ नाहीच. ती कहकशांच्या घरी आहे. रविवारी मी तुम्हाला वणीला नेतो, दोघी पोरींना यवतमाळहून यायला सांगितलं आहे. मिठाई आणू नका. मिठाई आणली की घरच्यांना माफ करावंच लागतं, आणि ते बरं नाही. पोरीकडचं ते कार्ड आणि तुमच्याकडचा छापलेला फोटो मात्र आठवणीनं आणा.

एक माझंही ऐका. त्या दिवशी मी मोबाइल सगळ्यांना दाखवायला आणला नव्हता, तुम्हाला दाखवायला आणला होता. शाळेत तुमच्या संस्कृतच्या पोरांचे नंबर जिल्ह्यात यायचे, माझ्या पोरांच्या कविता वर्गातच राहायच्या. असो. बसला उशीर करू नका, तुमची पूजा लवकर आटपा.

तुमचा
जमीर


यवतमाळ
१० फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांच्या चरणी भैरवीचा सा. नमस्कार. वि. वि.

वणीला तुम्ही आणि जमीर आजोबा बाहेरच्या खोलीत पुरुषांमध्ये बसला होता. तुम्ही सगळा दोष स्वतःवर घेतलात, ते पडद्यातून ऐकू आले. आत काय झाले ते त्या दिवशी परतताना बसमध्ये सांगता आले नाही, म्हणून आज लिहिते.

मी कार्ड आणि फोटो कहकशांच्या सासूपुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही. कहकशांने फोटो उचलला, बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाली की, फोटो मले लय आवडला, मी मागूनही घेतला असता. पण अशी मी फक्त बहिणीसमोर हसतो. तुमी मले साऱ्या गावासमोर हसवलं. तिने कार्ड सासूच्या हातात दिले आणि विचारले की, अम्मी, हा खोलीत लावू का? सासूबाईंनी फोटो पदराने पुसला आणि तिला परत दिला. मला चहा दिला नाही, उमेराला दिला. बरोबरच आहे.

उमेराच्या त्या दोन लग्नांच्या सुपाऱ्यांपैकी एक परत आली, एक नाही. परतताना मी तिला सांगितले की तुझा फोन वाजला की माझा जीव जळायचा. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की, तो फोटो पाहून माझा जळला. माझ्या हातून तसा कधी निघाला नाही. लावला नसता तरी मी तुले दुसऱ्यांदा सोबत नेलं नसतं.

मी जुने चाळीस फोटो काढून टाकले. धूर गेला, तळेही गेले. आता एक जाड पानांचा अल्बम केला आहे, हातात घेऊन लोकांच्या घरी जाते. त्यात फक्त त्या त्या घरांनी हो म्हटलेले बारा फोटो आहेत. पहिल्या पानावर फोटो अडकवायचे चार कागदी कोपरे चिकटवले आहेत. मध्ये काहीच नाही.

परवा ढाणकीच्या हंसाबाईंकडे गेले होते. धान्याच्या व्यापाऱ्यांचे घर, मुलीचे लग्न आहे. त्यांनी अल्बम भराभर उलटला, मग मागे येऊन पहिल्या पानावर बोट ठेवले आणि म्हणाल्या की, इथला पडला काय वो? मी खरे ते सगळे सांगितले, माझा हेवाही सांगितला. सांगताना वाटत होते, हे काम गेले. हंसाबाईंनी अल्बम मिटला आणि म्हणाल्या की, दोन दिवस येजा, पैसे तुमी सांगसान ते, पन कार्ड पयले माह्या हातात. मी म्हटले की, दोन्ही कार्डे देईन.

हे माझे पहिले असे काम, जे फोटो दाखवून मिळालेले नाही. बायकांच्या बाजूसाठी मी उमेराला विचारले. पाहून सांगतो म्हणाली. एवढ्यात तिचा फोन वाजला आणि आजोबा, जीव जळलाच. पण या वेळी मी माळ घेतली नाही. दार लावून घेतले आणि काम करत बसले.

तुमची
भैरवी


मारेगाव
माघ शुद्ध पौर्णिमा, १२ फेब्रुवारी २०२५

चि. भैरवी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. चौथ्यांदा जमीर गुरुजींनी बाकावर मोठ्याने वाचले. त्यांनी वाचले की तुझे लिहिणेही अधिक गोड होते, हे मला आजही सोसले नाही. पण मी ते त्यांना तिथेच सांगून टाकले, आणि ते इतके हसले की बबनरावांच्या बशीतला चहा सांडला.

चौरंगावर तुझे चित्र ठेवले होते ती जागा मी मोकळीच ठेवली आहे. पूजेला बसलो की नजर तिथे जाते आणि प्रत्येक वेळी थोडी बोचते. बोचू दे. मी तुला दिलेल्या सल्ल्यांत पहिल्या पानाचा सल्ला सर्वांत वाईट होता. तू त्या पानाचे जे केलेस ते मला कोणत्याही पोथीत सापडले नसते.

उमेराने हो म्हटले तर कळव, नाही म्हटले तरी कळव.

कहकशांच्या खोलीतले हसू त्या खोलीत अखंड राहो. तुझ्या आणि उमेराच्या, दोघींच्याही दारी कामे येवोत, आणि हे पत्र ज्या कोणाच्या हाती पडेल त्याला शेजारच्या घरातला दिवा पाहून आपल्या घरात अंधार झाल्यासारखे न वाटो. वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो.

नीळकंठ आजोबा