दोनाचं लोखंड, तीनाचं लोखंड

५ जुलै

चि. चिमणीस,
मामाचे आशीर्वाद, जरा रागातच.

तुझ्या रसायनांच्या दुकानातून आयर्न क्लोराइड पोचलं. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून आठ दिवस तुझ्या मामीचं चित्र ओरखडलं, ते बरणीतल्या पाण्यात विरघळवून पत्रा बुडवला, दोन दिवस वाट पाहिली. एक रेघ खाल्ली असेल तर शपथ! प्रदर्शन पंधराला आहे. पत्राच खोटा म्हणून बरणीसकट तांबेवाल्याच्या दुकानात गेलो आणि नाही नाही ते बोललो. तीस वर्षांची दोस्ती, पण आता मला पाहून मान वळवतो. मामी म्हणते, माझ्या तोंडाला लागायची रसायनाचीही हिंमत नाही.

लोभ आहेच, सध्या आटलाय.
मामा

९ जुलै

ती. मामांना सा. न.,

पाणी फिकट हिरवं आहे ना? मग तांबेवाले निर्दोष. लोखंडावर कधी अधिक दोन भार असतो, कधी अधिक तीन. क्लोराइडवर उणे एक. म्हणून दोनाचं लोखंड दोन क्लोराइड धरतं: FeCl₂, आयर्न (II) क्लोराइड. तीनाचं तीन धरतं: FeCl₃, आयर्न (III) क्लोराइड. कंसातला आकडा लोखंडाचा भार सांगतो. तांबं खातं ते तीनाचं; तुमचं फिकट हिरवं पाणी दोनाचं.

तुमच्या चिठ्ठीत आकडा नव्हता. पण न विचारता हाताला लागली ती बाटली मी पाठवली, ही चूक माझी. साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी शेल्फवरच्या सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या मला नव्यानं लिहायला लावल्यात. सोबत तीनाचं पाठवते. माफी मात्र तुमची तुम्हीच मागा, ती पार्सलनं जात नाही.

मामीला नमस्कार, तुम्हाला थोडा कमी.
चिमणी

१६ जुलै

चि. चिमणीस,

तासाभरात मामी नाकाडोळ्यांसकट उमटली. मग तुझं पत्र वाचून तिनं मला गंजाचं, म्हणजे तीनाच्या लोखंडाच्या ऑक्साइडचं, सूत्र विचारलं. मी ऐटीत FeO₃ लिहिलं. ती म्हणाली, ऑक्साइडवर उणे दोन, तिघांचे झाले उणे सहा, तुमचं एकटं लोखंड पुरणार कसं? Fe₂O₃ लिहून सुटलो.

तांबेवाल्याकडे मान खाली घालून गेलो. तो म्हणाला, हिरवी बरणी बघताच त्याला चूक कळली होती; पण मी त्याला बोलू दिलं नाही, आणि नंतरची शांतता त्याला इतकी गोड लागली की तीच लांबवली. मी पुन्हा भडकलो. त्यानं दुकान बंद केलं आणि माझ्याबरोबर प्रदर्शनाला आला. मामीच्या चित्रासमोर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगत होता, की तांबं बघा काय सुरेख आहे.

लोभ पूर्ववत समज.
मामा