वाऱ्याकडे तोंड करून

४ नोव्हेंबर
आज वाळवंटातल्या वायूच्या विहिरीवर रुजू झालो. लार्बीदाजी फाटकाशीच चहाची किटली घेऊन उभे! नोकरी त्यांनीच लावून दिली, त्यामुळे मिठी मारता मारता टोमणाही मिळाला, "या शालकबुवा, बसून खायचे दिवस संपले." काम सोपं आहे. विहिरीची झडप बंद ठेवायची आणि दर तासाला दाबाच्या काट्याचा आकडा लिहायचा. नसीराचे दिवस भरत आलेत. तुझ्या नवऱ्याला बारशाला घेऊन येतो, असा शब्द मी बहिणीला दिलाय. वायूच्या वासापेक्षा मला त्या शब्दाचीच जास्त धास्ती आहे.

६ नोव्हेंबर
दिवसभर सराव. भोंगा वाजला की खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी झोळी बघायची आणि वारा तोंडावर घेत पळायचं, म्हणजे विषारी वायू मागे राहतो. मुकादम हाज मुख्तारनी वीस वेळा पळवलं. डोकं थांबलं तरी पाय पळाले पाहिजेत, म्हणे. अकरा वर्षं पळून दाजी आता जेवणाच्या रांगेतही वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. सगळे चिडवतात त्यांना.

९ नोव्हेंबर
माझ्या जागी आधी बुजमा नावाचा माणूस होता. भोंगा वाजला, तो पळाला आणि थेट विहिरीच्या तोंडाशी मरून पडला. वेड लागलं असेल, असं स्वयंपाकी म्हणाला. हाज ताट सोडून उठले.

१३ नोव्हेंबर
विहीर बंद असूनही काटा स्थिर राहत नाही. सावकाश उतरतो, थांबतो, चढतो. मापक बदलला, तरी तेच. काटा उतरताना चारही बाजूंच्या झोळ्या विहिरीकडे वळतात. चारही, एकाच वेळी. विहीर श्वास आत घेते आहे असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

१६ नोव्हेंबर
आज काटा चढला आणि चारही झोळ्या बाहेर फुगल्या. वारा विहिरीतून येत होता.
बुजमा वेडा नव्हता. शिकवलं तसाच पळाला.
दाजींना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझे पाय ऐकायचे नाहीत रे."
गाडी मागितली. वाळूच्या वादळाने रस्ता बंद आहे. चार दिवस लागतील.

१८ नोव्हेंबर
मुलगा झाला. नसीरा फोनवर रडत होती, निघालात ना, विचारत होती. मी हो म्हणालो.
वाऱ्याविरुद्ध पळालो तर विहीर. वाऱ्याबरोबर पळालो तर वायूही बरोबर. आडवं पळालो तर विहिरीभोवतीच गोल. दाजींना हे सांगितलं नाही. सांगून काय होणार?

१९ नोव्हेंबर, दुपार
भोंगा. हाज पळाले — विहिरीकडे. स्वयंपाकीही. मी ओरडलो, कुणी वळलं नाही.
दाजींना मी दोरीने खाटेला बांधलंय. दोघांच्याही श्वासाच्या मुखवट्यात वीस मिनिटांची हवा.
ते शांत आहेत. सारखं एकच म्हणताहेत. "सोड मला. वारा तोंडावर आहे, वाट बरोबर आहे."

हवा संपली. मुखवटे काढले. सडक्या अंड्यांचा वास —
आता वास नाही. नाक मेलं.

दोरी सुटलीय. मी सोडली? माझ्याच हातांनी —
दार उघडं आहे. दाजी पुढे चाललेत. नसीरा, मी आणतो त्यांना, दिसताहेत मला, वारा तोंडावर आहे, म्हणजे वाट